सॉफ्टवेअर सांगतं ती पट्टी किती खरी? जुनी कॅसेट, मालकंस आणि हळदीचा सेट

हळदीचा_डेक

नमस्कार. मी कल्याणचा. हळदी आणि साखरपुड्यांच्या सुपाऱ्या घेतो, बहुतेक पनवेल, उरण, भिवंडी या बाजूला. एका मांडवात तीन पिढ्या असतात. आजी-मावश्यांना जुनी कोळीगीतं हवीत, पोरांना हाऊस (क्लबमधलं इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत) हवं, आणि मला दोन्ही तुटू न देता एकमेकांत न्यायचं असतं. म्हणून जुन्या गाण्यातला गळा वेगळा काढून नव्या ठेक्यावर बसवतो. गळा वेगळा काढणं हल्ली सॉफ्टवेअरच करून देतं, त्यामुळे खरी अडचण उरते ती सुराची.

माझ्याकडे दोन सॉफ्टवेअर आहेत. नावं घेत नाही, कारण तक्रार एका कंपनीबद्दल नाही. नवं हाऊस दोन्हींत टाकलं की बहुधा एकच पट्टी येते आणि मिसळल्यावर कानालाही पटते. मराठी गाणी टाकली की गडबड सुरू होते.

पहिलं उदाहरण. मामांच्या कॅसेटवरून उतरवलेलं एक कोळीगीत. डीजे लोक पट्ट्यांना १ ते १२ आकडे देऊन घड्याळासारख्या चाकावर मांडतात; ए म्हणजे मायनर, आणि शेजारचे आकडे एकमेकांत मिसळतात. एक सॉफ्टवेअर ४ए म्हणतं, म्हणजे एफ मायनर. दुसरं ११ए, म्हणजे एफ शार्प मायनर. चाकावर हे दोन आकडे एकमेकांपासून किती लांब आहेत ते तुम्हाला माहीतच आहे. घरच्या कीबोर्डवर वाजवून पाहिलं तर गाणं ना इथे बसतं ना तिथे.

दुसरं उदाहरण जास्त छळतं. मालकंसातलं एक भक्तिगीत आहे, हळदीच्या आधी देवाचं म्हणून लावतो. दोन्ही सॉफ्टवेअर एकमताने एफ मायनर सांगतात. मावशीकडे पेटी आहे. तिने दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाली, सा पांढरी एक. म्हणजे सी. मावशी चाळीतल्या भजनाला साथ करते, तिचा कान मी लहानपणापासून बघतोय, ती चुकेल असं मला वाटत नाही. पण मग एफ मायनरचा लूप (पुन्हापुन्हा वाजणारा तुकडा) त्या गळ्याखाली लावला तर एकही सूर टोचत नाही! आणि तरीही गाणं आपलं वाटत नाही, देवाचं राहत नाही. हे नक्की काय होतं?

फाइल १२८ केबीपीएसची, म्हणजे बरीच दाबलेली, आहे म्हणून होतंय का? की आपल्या गाण्यांवर हे तंत्र चालतच नाही? मला ही गाणी नीट वाजवायची आहेत. माणसं ती ऐकून रडतात, त्यांच्याखाली चुकीचा बेस वाजणं मला सहन होत नाही.

क्रोमा_पुणे

तुमची दोन्ही गाणी वेगवेगळ्या कारणांनी फसताहेत. मी ध्वनीच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, डीजे नाही, त्यामुळे आतल्या यंत्रणेपुरतंच लिहितो.

केबीपीएसचा संशय काढून टाका. दाबलेल्या एमपीथ्रीत सर्वांत आधी वरची झळाळी जाते. पट्टी ठरते मधल्या आणि खालच्या सुरांवर, ते शाबूत असतात.

सॉफ्टवेअर गाण्याचे बारीक तुकडे करतं आणि प्रत्येक तुकड्यात कुठल्या कंपनसंख्येला किती ऊर्जा आहे ते मोजतं. मग सप्तक कुठलं ते विसरून सगळी ऊर्जा बारा स्वरांच्या बारा खान्यांत जमा करतं. त्यावर बारा मेजर आणि बारा मायनर असे चोवीस साचे ठेवून बघतं, आणि जो जास्त जुळेल त्याचं नाव तुमच्या पडद्यावर येतं. पंचविसावा पर्याय नसतो. ‘माहीत नाही’ असंही ते सहसा म्हणत नाही.

हे साचे आले कुठून? सगळ्यांत प्रसिद्ध साचे कॅरोल क्रुमहान्सल आणि एडवर्ड केसलर यांचे, १९८२ सालचे. श्रोत्यांच्या कानात आधी एखादी पट्टी बसवायची, मग एकेक स्वर ऐकवून तो किती शोभतो ते विचारायचं, असा तो प्रयोग. पाश्चात्त्य संगीतात वाढलेले कान. मेजरच्या साच्यात सा ला ६.३५ गुण आहेत, प ला ५.१९, शुद्ध ग ला ४.३८, आणि तीव्र म ला फक्त २.५२. आता तीव्र म घेणारा यमन या साच्यात कसा बसेल विचार करा. पुढे नाचाच्या संगीतासाठी लोकांनी हे आकडे बदलून घेतले. इब्राहिम शाथ यांनी २०११ मध्ये लंडनच्या बर्कबेक कॉलेजातल्या प्रबंधासाठी कीफाइंडर हे पट्टी ओळखणारं सॉफ्टवेअर लिहिलं तेव्हा हेच केलं, आणि ते खुलं ठेवलं म्हणून आपल्याला आत डोकावता येतं. बहुतेक कंपन्या आपले साचे दाखवत नाहीत. पण मुळातला चोवीस घरांचा विचार सगळीकडे तोच आहे.

तुमच्या मालकंसाचा हिशेब करून पाहिला. सा सी धरला तर स्वर सी, ई फ्लॅट, एफ, ए फ्लॅट, बी फ्लॅट. पाचही स्वरांना सारखं वजन देऊन १९८२ च्या मायनर साच्यातले गुण मिळवले तर सी मायनरला २२.५६ येतात आणि एफ मायनरला २३.३३. खरी तुलना याहून थोडी गुंतागुंतीची असते, पण निकाल याच दिशेने जातो. कारण उघड आहे. सी मायनरच्या साच्यात पंचमाला मोठे गुण आहेत आणि मालकंसात पंचमच नाही. त्यात मध्यम वादी (रागाचा मुख्य स्वर), म्हणजे गायक वारंवार एफवर येऊन थांबणार. यंत्राची खात्री आणखी वाढते. दोन्ही सॉफ्टवेअरांचं एकमत झालं ते त्यामुळे. दोघांनी एकच साचा वापरला तर चूकही एकच होते, म्हणून एकमताला पुरावा समजू नका.

कॅसेटची गोष्ट वेगळी आहे. गाणं ए = ४४० हर्ट्झच्या मोजपट्टीपेक्षा अर्ध्या अर्धस्वराने, म्हणजे पाश्चात्त्य हिशेबात ५० सेंटच्या आसपास (एका अर्धस्वराचे १०० सेंट) सरकलं, की प्रत्येक सुराची ऊर्जा शेजारच्या दोन खान्यांत वाटली जाते. मग एक सॉफ्टवेअर खाली झुकतं, दुसरं वर. ४ए आणि ११ए चाकावर लांब दिसतात, कारण चाक पंचमाच्या उड्यांनी रचलेलं आहे. कानाला ते फक्त अर्ध्या स्वराने वेगळे. वेगात ३ टक्के फरक पडला की ५१ सेंट होतात, आणि कॅसेट प्लेअर तेवढा चुकणं काही विशेष नाही.

हाऊसवालेही यात सापडतात. मिनिटाला १२४ ठोक्यांचं गाणं की-लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारं बटण) न लावता १२८ वर नेलं तर ते ५५ सेंट चढतं. पडद्यावरचा आकडा तेव्हा कुठल्याच खऱ्या पट्टीचा राहत नाही.

अचूकतेबद्दल विचारलंत. २००५ पासून मायरेक्स नावाच्या चाचणीत अशा पद्धती तपासल्या जाऊ लागल्या. नेमकं उत्तर आलं तर १ गुण, पंचमाने चुकलं तर ०.५, सापेक्ष मेजर-मायनरची (स्वर तेच, सा वेगळा) अदलाबदल झाली तर ०.३, आणि सा तोच पण मेजरऐवजी मायनर सांगितलं तर ०.२. नाचाच्या संगीतासाठी जायंटस्टेप्स हा ६०४ तुकड्यांचा संच २०१५ मध्ये आला. त्याची जन्मकथा महत्त्वाची आहे: बीटपोर्ट या नाचाच्या संगीताच्या ऑनलाइन दुकानात लिहिलेली पट्टी चुकीची आहे असं ज्या गाण्यांबद्दल लोकांनी कळवलं, त्यांतून तो गोळा झाला. म्हणजे मुळातच अवघड गाणी. त्यावर चांगल्या पद्धतीही साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश गाण्यांत नेमकं उत्तर देत होत्या. सरळ चारचौघांसारख्या हाऊसवर निकाल याहून बरा असणार, आणि आपल्या लावणी-कोळीगीतांवर तसा भरवसा ठेवायला आधार नाही.

पंचमाची चूक चाकावर एकाच घराची असते म्हणून डीजे तिला माफ करतात. मला ते धोक्याचं वाटतं. समजा गाणं खरं ७ए आहे, डी मायनर. सॉफ्टवेअरने ८ए सांगितलं. तुम्ही नियम पाळून पुढे ९ए लावलं, ई मायनर. तुमच्या हिशेबात एक पाऊल झालं, कानावर मात्र डी आणि ई एकमेकांवर आदळले. पुढचं गाणंही एका घराने चुकलेलं असेल तर विचारूच नका.

एक उपाय सुचवतो. गळा वेगळा काढता तेव्हाच ठेका काढून टाकलेली आवृत्तीही बनवा आणि पट्टी तिच्यावर तपासा. टाळ-झांजांचा आवाज बाराही खान्यांत पसरतो, ढोलकीचा धुम खाली-वर घसरतो. ते गेलं की चित्र स्वच्छ होतं. मालकंसाला त्याचा उपयोग नाही. तिथे यंत्राने सूर बरोबर ऐकलेत, चुकलाय तो साचा.

मिरजेची_पेटी

वरच्यांनी आकड्यांत सांगितलं तेच पेटीवर सांगतो. पोरा, तुझी मावशी बरोबर आहे आणि तुझा कानही बरोबर आहे.

पांढरी एकचा मालकंस वाजव: सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. आता बोटं त्याच पट्ट्यांवर ठेव आणि मनातला सा उचलून मध्यमावर ने, म्हणजे पांढरी चारवर. तिथून मोजलंस तर तेच स्वर सा, कोमल ग, म, प, कोमल नी होतात. मालकंसाचा धानी झाला. एकही पट्टी बदलली नाही, राग बदलला. आमच्याकडे याला मूर्च्छना म्हणतात. तुझ्या लूपचा बेस एफवर बसला, ऐकणाऱ्याने नकळत तोच सा धरला, आणि गाभाऱ्यातला मालकंस बाजूला राहून तिथे धानी उभा राहिला. सूर टोचणार कसा? सूर सगळे रागातलेच आहेत. सा हललाय.

म्हणून तुला सॉफ्टवेअरकडून एकच गोष्ट घ्यायची आहे, कुठले सूर वापरलेत ती. सा तू ठरव. गाणं चालू ठेव आणि पेटीवर एक पट्टी धरून ठेव, दुसरं काही वाजवू नको. मुखडा ज्या सुरावर येऊन टेकतो, अंतरा संपवून गायक जिथे परत येतो, तिथे बघ. सा सापडला की गाणं त्याच्यावर बसतं. फसवतो तो पंचम, कारण तोही छान मिसळतो. शंका आली तर सम बघ, आणि शेवटचा सूर बघ. जुन्या लावणीत तुणतुणं ऐक. ते बिचारं गाणंभर साच धरून असतं आणि ढोलकीची शाईही गाणाऱ्याच्या सुरात लावलेली असते. तंबोऱ्याने मात्र घाई करू नको. मालकंसाला पंचमाच्या जागी मध्यम लावलेला असतो, म्हणजे सगळ्यात पहिली तार एफची. यंत्राला आणखी एक कारण मिळालं एफ म्हणायला. इथे मिरजेत तंबोरे घडतात, जवारी (तारांखालची घोडी) साफ केलेल्या तंबोऱ्यात स्वयंभू गंधार बोलतो, शुद्ध गंधार, तार लावलेली नसताना. यंत्र तोही मोजत असणार.

आता बसवायचं कसं. एफ मायनरचा कॉर्ड म्हणजे एफ, ए फ्लॅट, सी. तिन्ही मालकंसात आहेत, तो राहू दे. बेस काढ आणि सी वर धर. मध्ये एफला स्पर्श केलास तर चालेल, वस्ती मात्र सी वर. आणि लूपमध्ये जी किंवा डी फ्लॅट आहे का ते नीट ऐक. एफ मायनरमध्ये ते असतातच, आणि इथे ते पंचम आणि कोमल रिषभ होतात. मालकंसात दोघांनाही जागा नाही. एखाद्या भजनी माणसाच्या कानावर तो पंचम पडला तर त्याला जेवताना खडा लागल्यासारखं होईल.

कॅसेटबद्दल एवढंच: ती मंद धावली की जलद, हे गळ्यावरून ओळख. मामांना विचार, त्यांनी ती गाणारी बाई प्रत्यक्ष ऐकली असेल. सगळा दोष टेपवर घालू नको. जुन्या पेट्या सूर लावणाऱ्याच्या कानाने लागायच्या. ए = ४४० चं आंतरराष्ट्रीय मानक छापून आलं १९७५ ला, तरी गावच्या पेटीला त्याचं काय?

म्हापसा_१४५

गोव्यातून एक भर घालतो. हा प्रकार मराठी गाण्यांपुरता नाही. आमच्याकडे ट्रान्समध्ये (इथल्या पार्ट्यांतलं इलेक्ट्रॉनिक संगीत) कोमल रिषभ सर्रास असतो, पाश्चात्त्य लोक त्याला फ्रिजियन म्हणतात, आपल्या भैरवी थाटाचे स्वर. बेस अख्खं गाणंभर ई वर, वर एफ नॅचरल. स्वर सगळे ए मायनरचे, म्हणून काही वेळा ८ए लिहून येतं, आणि नाचणाऱ्याच्या पायाखाली ई असतो. मी आकड्याशेजारी बेसचा सूर वेगळा लिहितो आणि जोडताना आधी तोच बघतो.

अंजुना-वागातोरच्या जुन्या काळात गोवा गिल वगैरे डीजे मंडळी डॅट टेपवर (डिजिटल कॅसेटवर) वाजवायची. डॅटवर वेग बदलता येत नसे, त्यामुळे सुरुवात आणि शेवटाच्या बिनठेक्याच्या भागांवर गाणी जोडली जात. ती जोड कानानेच व्हायची. पडद्यावरचा आकडा चांगली सोय आहे, मी ती रोज वापरतो. पण दोन गाणी जिथे एकमेकांवर येतात तिथे फक्त किक आणि हाय-हॅट असेल तर पट्टीची चिंताच सोडा. काळजी घ्यायची ती गळ्यावर गळा किंवा बेसवर बेस येतो तिथे.

हळदीचा_डेक

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं मूर्च्छनेचं मावशीला वाचून दाखवलं. तिने लगेच पेटी काढली आणि मालकंसातून धानीत जाऊन दाखवलं. मग भूपाचा गंधार सा धरून परत मालकंसात आली. मी तोवर समजत होतो की पाच स्वर म्हणजे एक पट्टी. आता कळलं की माझ्या लायब्ररीतल्या अर्ध्या जुन्या गाण्यांशेजारचा आकडा फक्त स्वरांची यादी आहे.

कॅसेटचं काम झालं. मामा म्हणाले, बाईचा आवाज याहून चढा होता. की-लॉक बंद केलं, पिच वर नेत गेलो आणि कीबोर्डवर एफ शार्प धरून ठेवला. ३ टक्क्यांच्या जरा अलीकडे गाणं आणि कीबोर्ड एकजीव झाले. ढोलकीसुद्धा ताठ वाजायला लागली, आधी ती सैल वाटायची आणि मी तो रेकॉर्डिंगचा दोष समजत होतो. ती आवृत्ती जतन करून पुन्हा तपासायला टाकली, आता दोन्ही सॉफ्टवेअर ११ए म्हणतात आणि माझा कानही.

मालकंस परवाच्या हळदीला वाजवला. बेस सी वर. लूपमध्ये एका जागी जी होता, अगदी बारीक, मी इतके महिने तो ऐकलाच नव्हता. कापून टाकला. वरचे कॉर्ड तसेच ठेवले. मांडवात एक आजोबा पाटावर बसले होते, गाणं सुरू झाल्यावर मांडीवर बोटांनी ठेका धरून शेवटपर्यंत डोळे मिटून होते. मला आणखी काही नको.

आता प्रत्येक जुन्या गाण्याच्या शेऱ्यात लिहितोय: सा कुठे, राग किंवा निदान कुठले स्वर नाहीत, आणि ४४० पासून किती सरकलंय. यंत्राचा आकडा पुसत नाही, तो त्याच्या रकान्यात राहू दे. हाऊससाठी पूर्वीसारखाच त्याच्यावर चालतो.

एक शेवटचं विचारायचंय. एक लावणी काळी चारची आहे, आणि तिच्या आधीचा ठेका काळी दोनमध्ये बसवलाय. सॉफ्टवेअरमध्ये पट्टी वर-खाली करायचं बटण आहे. गळा उतरवू की ठेका चढवू?

मिरजेची_पेटी

गळ्याला हात लावू नको. अर्धा स्वर एकवेळ खपून जाईल, पण काळी चारची बाई काळी दोनवर आणलीस तर तिचा आवाज जाड होतो, शब्द जड पडतात आणि लावणीतला तोरा जातो. ती काळी चारला गायली कारण तिचा गळा तिथे फुलतो.

ठेका चढव, पण सगळा नको. त्यातली ढोलकी आहे तशी ठेव, पाच अर्धस्वर ओढलीस तर तिची शाई पत्र्यासारखी वाजेल. लावणीतल्या ढोलकीलाही हात लावू नको, ती बाईच्या सुरातच लागलेली आहे. हलवायचे ते ठेक्यातले बेस आणि कीबोर्ड. आणि तुझ्या ठेक्यातल्या ढोलकीचा सूर लावणीशी भांडत असेल तर लावणी सुरू व्हायच्या आधी ती काढून घे, लावणीचीच ढोलकी पुढे येऊ दे.